नाही म्हणण्याची नोकरी

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये ड्रेस मटेरियलच्या ज्या दुकानात मी काउंटरला उभी राहायचे, तिथे पहिल्याच दिवशी शेठनी मला एक नियम घालून दिला. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. मीटरनं कापड कसं मोजायचं, घडी कशी घालायची, हे मी बघून बघून शिकले. शिकवलं त्यांनी फक्त एवढंच. बाई दारात उभी राहून म्हणाली, बॉटल ग्रीनमध्ये आरसेकाम आहे का, की आपण म्हणायचं, "आहे ना, बसा." मग तो रंग दुकानात असो वा नसो. बसलेल्या बाईला पाणी द्यायचं, हिरव्याच्या आसपासचे चार पीस तिच्यापुढे उलगडायचे, आणि तेवढ्या वेळात शेजारच्या नाहीतर समोरच्या दुकानातून माल मागवायचा. त्या गल्लीत सगळे हेच करतात. आमचा माल त्यांचा, त्यांचा माल आमचा, कुणाचं काय गेलं ते संध्याकाळी बघायचं.

"वडी ताई, नहीं बोला के गिऱ्हाईक गेला," शेठ आपल्या सिंधी वळणात म्हणायचे. "और गेला तो परत येत नाय."

सुरुवातीला मला हे खोटेपणाचं वाटायचं. वर्षभरात मी इतकी तयार झाले, की घरी मुलीनं बिस्किट आहे का विचारलं तरी तोंडातून "आहे ना, बस" निघायचं, आणि मग मी रिकामे डबे उघडत बसायचे. आता हे हसत सांगता येतं. पण याच सवयीनं माझ्या हाताशी आलेली नोकरी घालवायची वेळ आणली होती.

दुकानाआधी मी लॅबमधली बाई होते. बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगांच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागले, लग्नानंतरही तिथेच होते. अंगात पांढरा कोट, समोर ब्युरेट, शेजारी वजनकाटा. ते काम मला मनापासून आवडायचं, कारण तिथे कुणाची मर्जी राखावी लागत नाही. द्रावणाचा रंग बदलला की बदलला, नाही बदलला की नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला असं काम फार मानवतं.

मुलगी बालवाडीत जायला लागली त्याच वर्षी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. आमचे हे अंबरनाथलाच एका कारखान्यात शिफ्टवर. त्यांनी रजा टाकून टाकून किती टाकाव्यात. नोकरी मी सोडली. कुणी सोडायला लावली नाही, आणि सोडताना मी रडलेही नाही. बदलापुरात कात्रपच्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा काम एवढं होतं की रडायला सवडच नव्हती.

हळूहळू सासूबाई काठीवर चालायला लागल्या. बोलणंही बरंचसं परत आलं, शब्द जरा ओढून येतात एवढंच. मग मी दुकान धरलं, कारण दुकान उशिरा उघडतं आणि तोवर घरचं आवरून होतं. पण जीव लॅबमध्येच अडकलेला. अर्ज करायचे, बोलावणंही यायचं, आणि प्रत्येक ठिकाणी समोरचा माणूस माझा बायोडेटा हातात घेऊन नेमका तिथेच पेन टेकवायचा, जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. मधली वर्षं काय करत होता?

शेवटच्या वेळी तर एकानं कमालच केली. मी सांगितलं, सासूबाई आजारी होत्या. तो म्हणाला, "ओके. आणि परत आजारी पडल्या तर?" घरी येऊन जेवताना मी हे जसंच्या तसं सांगितलं, त्या माणसाची नक्कल करून. हे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. भाकरी कुस्करत राहिल्या.

म्हणून या वेळी मी ठरवून टाकलं होतं, हा शेवटचा अर्ज. चाळिशी दारात आली होती, आणि जाहिरातीत वयाची जी अट असते तिच्यात मी कशीबशी बसत होते. हे झालं नाही तर लॅबचं नाव काढायचं नाही, काउंटरवर मन लावून उभं राहायचं. कुणाला बोलले नव्हते, पण मनात पक्कं होतं.

जाहिरात ह्यांच्या कारखान्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली होती. औषधांना लागणारी रसायनं बनवणारी कंपनी, अंबरनाथचीच, क्वालिटी कंट्रोलला केमिस्ट हवा. अर्ज केला, बोलावणं आलं, आणि तयारीला जेमतेम आठवडा मिळाला.

त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकानं आपापली हौस भागवून घेतली. ह्यांनी मोबाइलवर मुलाखतीचे व्हिडिओ शोधले. सूट घातलेला एक मुलगा त्यात सांगायचा, चेहरा हसरा ठेवा, स्वतःची कमजोरी विचारली तर म्हणा की मी फारच बारकाईनं काम करतो. मी म्हटलं, "माझी कमजोरी म्हणजे मला लगेच राग येतो, ते सांगू का?"

"ते सांगायला लागत नाही," हे म्हणाले. "दिसतं."

पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता, हा आणखी एक प्रश्न. पाच वर्षांनी मी कात्रपलाच असणार, सकाळी उठून नळाला पाणी आलं का ते बघत. पण खरं ते सांगायचं नसतं म्हणे. मुलीनं इंग्रजीत चार वाक्यं लिहून दिली, स्वतःबद्दल सांगा म्हटलं की म्हणायची. ती मी गवार निवडताना पाठ केली. अजूनही गवार निवडायला घेतली की ती वाक्यं तोंडात येतात.

सासूबाईंनी मात्र खरीखुरी मुलाखत घेतली. रविवारी दुपारी प्लास्टिकच्या खुर्चीत काठी आडवी धरून बसल्या आणि मला दाराबाहेरून आत यायला लावलं.

"अशी नको. ताठ चाल."

मी ताठ चालत आले.

"बस. नाव काय?"

मला हसू आवरेना. माझ्या आयुष्यातली पहिली मुलाखत याच बाईंनी घेतली होती, माझ्या माहेरी, चहाचा कप हातात धरून, आणि तेव्हाही पहिला प्रश्न हाच होता. त्यांनाही ते आठवलं असावं. ओठाचा एक कोपरा वर गेला. दुसरा अजून जात नाही. "या वेळी स्वयंपाकाचं नाही विचारणार," म्हणाल्या. मग त्यांनी सगळं विचारलं. दिवसभर काय काम करशील, साहेब ओरडले तर काय करशील, रात्रपाळी दिली तर चालेल का. मधल्या वर्षांचं तेवढं विचारलं नाही. मीच म्हटलं, "आई, तो एक प्रश्न राहिला."

"दमले गं मी आता," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन आडव्या झाल्या.

तो प्रश्न मी एकटीनंच तयार केला, म्हणजे प्रयत्न केला. 'कौटुंबिक जबाबदारी होती' म्हणून बघितलं. 'आता घरी सगळं ठीक आहे' म्हणून बघितलं. कुठलंही उत्तर घेतलं तरी त्यात सासूबाईंना दोष लागायचा, नाहीतर त्यांच्या तब्येतीची हमी मला द्यावी लागायची. आजारी माणसाची हमी कुणी द्यायची? आणि जिचं मी सगळं केलं, तिला अशा एसीच्या खोलीत अडचण म्हणून कशी उभी करायची? मला स्वतःचीच चीड यायची आणि उत्तर तसंच अर्धवट राहायचं.

शेठना सुट्टीचं सांगणं भाग होतं. खोटं कारण काढायचा कंटाळा आला, म्हणून खरं सांगितलं. मला वाटलं, आता शेठ चिडणार. ते गल्ल्यावरून उठले आणि फळीवरून गुलाबी जॉर्जेटचा पीस काढून माझ्यापुढे टाकला, गळाभर जरीकाम केलेला.

"ये सिलवा ले. इंटरव्ह्यू है, लोग देखेंगे."

"शेठ, लॅब आहे, लग्न नाही. ओढणी ॲसिडमध्ये पडली म्हणजे?"

तोंड वाकडं करून त्यांनी जॉर्जेट घडी केलं आणि साधा राखाडी कॉटनचा पीस दिला. वर सल्लाही दिला. "एक बात याद रखना. कुछ भी पूछेंगे, हां बोलने का. आता है क्या? हां. करोगे क्या? हां. बाद में देख लेंगे." कॅम्प पाचच्या माझ्या टेलरनं तो ड्रेस वेळेत शिवून दिला, ओढणीशिवाय, कोपरापर्यंत बाह्यांचा.

मुलाखतीच्या दिवशी ह्यांनी मला स्कूटरवरून कंपनीच्या गेटवर सोडलं आणि ते तसेच शिफ्टला गेले. वॉचमननं नाव लिहून घेतलं, पाहुण्यांचा बिल्ला गळ्यात घालायला दिला आणि एका खोलीत नेऊन बसवलं. एसी असा लावला होता की पाठ केलेलं इंग्रजी जागच्या जागी गोठेल. थोड्या वेळानं दोघं आले. एक एचआरचा तरुण, आणि दुसऱ्या क्वालिटी कंट्रोलच्या प्रमुख मॅडम. माझ्याहून थोड्या मोठ्या, केस करकचून बांधलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला.

त्या तरुणानं स्वतःबद्दल सांगायला सांगितलं. मुलीची चार वाक्यं मी एका दमात म्हणून टाकली. तो खूश झाला. मॅडमवर काही परिणाम दिसला नाही. त्या माझा बायोडेटा वाचत होत्या आणि मी त्यांच्या पेनाकडे बघत होते, ते आता कुठे टेकणार म्हणून. पण त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ मराठीत विचारलं, "एचपीएलसी चालवता का?"

एचपीएलसी म्हणजे औषधात काय काय आणि किती किती मिसळलंय ते वेगळं करून दाखवणारं महागडं मशीन. माझ्या जुन्या कंपनीत ते एकच होतं, काचेच्या खोलीत ठेवलेलं, आणि त्याला फक्त सिनियर लोक हात लावायचे. मी त्याला काचेतून बघितलं होतं. एवढीच आमची ओळख.

"हो, येतं ना," मी म्हणाले.

मी ठरवून खोटं बोलले नाही. विचार करायच्या आधीच ते बाहेर पडलं होतं, दुकानात पडायचं तसंच. त्यापुढचं 'बसा, पाणी घ्या' ओठावर आलं होतं, ते कसंबसं गिळलं.

"छान," मॅडम उठल्या. "मग चला, लॅबमध्येच बोलू."

दुकानात हो म्हटल्यावर धावायला शेजारचं दुकान असतं. इथे मी कुठे धावणार होते? मॅडम पुढे चालल्या, मी मागे, आणि तो पॅसेज काही संपेना. एकदा वाटलं, मशीनसमोर उभं राहू, बटणं तर असतीलच, काहीतरी करून वेळ मारून नेऊ. लॅबच्या दाराशी त्यांनी खुंटीवरचा पांढरा कोट काढून माझ्या हातात दिला. तो हातात आला आणि मला स्वतःचा खरोखर संताप आला. इतकी वर्षं या कोटासाठी झुरले, आणि आत पाऊल टाकायच्या आधीच मी इथे दुकान मांडून बसले होते.

"मॅडम, एक मिनिट," मी म्हणाले. "मला एचपीएलसी येत नाही. मी कधी चालवलेलं नाही, लांबून बघितलंय फक्त. मघाशी हो म्हणाले ते चुकीचं होतं."

त्या वळल्या. "मग हो का म्हणालात?"

यावर व्हिडिओतल्या मुलानं काही सांगितलेलं नव्हतं. मी दुकानाचं सांगितलं. नाही म्हणायचं नाही हा नियम, शेजारून माल आणणं, बाईला बसवून ठेवणं, सगळं. सांगता सांगता वाटत होतं, संपलं, आता बिल्ला परत करायचा आणि रिक्षा बघायची. मॅडम दाराला टेकून ऐकत होत्या.

"मीसुद्धा कॅम्प दोनलाच खरेदी करते," त्या म्हणाल्या. "एकदा मरून रंगासाठी तासभर बसवलं होतं मला."

"मिळाला का?"

"चॉकलेटी घेऊन आले." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "टायट्रेशन तरी येतं, का तेही शेजारून आणणार?"

"येतं," मी म्हणाले. या वेळी आधी विचार केला होता.

त्यांनी नमुन्याची एक बाटली आणि पद्धतीचा कागद दिला आणि त्या पलीकडच्या टेबलावर जाऊन बसल्या. मी कोट चढवला. ब्युरेट धुतलं, ज्या द्रावणानं भरायचं होतं त्यानंच ते विसळून घेतलं, मग भरलं आणि टोकाशी अडकलेला हवेचा बुडबुडा काढून टाकला. हे मला आठवावं लागलं नाही, हात करत गेले. नमुना वजन करून फ्लास्कमध्ये घेतला आणि थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. एका थेंबाला फिकट गुलाबी रंग आला, फ्लास्क हलवला तरी टिकून राहिला. मी ब्युरेटचा कॉक बंद केला. त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की आपण मुलाखतीला आलोय हे मी विसरूनच गेले.

मग आकडेमोड केली. शुद्धता हवी त्यापेक्षा जराशी कमी आली, अगदी जराशी. माझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच.

मॅडम येऊन शेजारी उभ्या राहिल्या. "काय म्हणतंय?"

"थोडं कमी येतंय."

"थोडंच ना? मग करू या की पास. खाली गाडी लागलीय, प्रॉडक्शनवाले मघापासून फोन करतायत." दुकानात बायका 'थोडं कमी करा ना' म्हणतात, अगदी त्याच सुरात म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. नोकरी द्यायची की नाही हे याच बाईंच्या हातात होतं. एक खोटं आधीच कबूल करून झालं होतं. आता त्यांनाच अडवायचं म्हणजे उरलीसुरली आशाही सोडायची. हो म्हणणं इतकं सोपं होतं, आणि मला त्याचा केवढा सराव होता.

"नाही, मॅडम," मी म्हणाले. "दोनदा केलंय. हवं तर तुमच्यासमोर परत करते. पण हे पास होत नाही."

बोलून झाल्यावर जाणवलं की परक्या माणसाला तोंडावर नाही म्हटल्याला किती काळ लोटला होता. घरात म्हणते, घरात तर उठता बसता म्हणते. बाहेर मात्र विसरूनच गेले होते.

मॅडमनी बाटली उचलून कपाटात ठेवून दिली. खाली गाडीबिडी काही लागलेली नव्हती. तो माल आधीच नापास झालेला होता, आणि मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला त्या त्याचाच नमुना द्यायच्या. "आकडा बऱ्याच जणांचा बरोबर येतो," त्या म्हणाल्या. "गाडीचं नाव काढलं की बदलतो. मशीन मी शिकवीन तुम्हाला. पण माझं तोंड बघून आकडा लिहिणारा माणूस मला नको."

पुन्हा त्या गार खोलीत येऊन बसले. तरुणानं बायोडेटा उचलला, पेन काढलं, आणि मी पुन्हा त्या टोकाकडे बघायला लागले. तो म्हणाला, पुढच्या एक तारखेपासून येता येईल का, त्याआधी मेडिकल करावं लागेल, जुन्या कंपनीचं पत्र आणि आधारची कॉपी घेऊन या. बस. मी उठले, दारापर्यंत गेले, हात दाराच्या कडीवर ठेवला, तरी कुणी काही विचारलं नाही. मीच मागे वळून 'ते मधल्या वर्षांचं राहिलं' म्हणेन की काय अशी मला भीती वाटली. तेवढी अक्कल मात्र शाबूत होती.

गेटबाहेर आले आणि रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसकण मारली. ह्यांना फोन लावला, शिफ्टवर असल्यामुळे उचलला नाही. मग शेठना लावला.

"हां बोला ना सबको?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

"नाही बोलले, शेठ."

"तो फिर नहीं मिली?"

"मिळाली."

"ना बोलके मिली?" शेठना ते काही केल्या पटेना. दुकानात आल्यावर सगळं सांगते म्हणून मी फोन ठेवला आणि रिक्षात बसले. बदलापूरपर्यंतचा रस्ता मला काही दिसला नाही. एकटीच हसत होते. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं.

घराचं दार उघडंच होतं. सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या. ओट्यावर मी सकाळी झाकून ठेवलेलं त्यांचं ताट तसंच होतं, पोळी वरून कडक झालेली. मी चपलाही न काढता म्हटलं, "आई, झालं. मिळाली नोकरी."

त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, ऐकू आलं नाही की काय. मी सांगायला सुरुवात केली, मॅडम अशा, मशीन असं, तर त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं.

"त्यांनी विचारलं का?"

"काय?"

"मधलं." शब्द नेहमीपेक्षा जास्त ओढून येत होते. "माझं."

"नाही."

"माझं नाव निघालंच नाही?"

"नाही हो, आई. कुणी एका शब्दानं विचारलं नाही."

त्यांनी चांगला हात तोंडावर धरला आणि त्या रडायला लागल्या. एवढ्या आजारपणात मी त्यांना चिडताना बघितलं होतं, देवाला बोल लावताना बघितलं होतं, ताट ढकलून देताना बघितलं होतं. रडताना कधी नाही. इतके दिवस मी समजत होते की मुलाखत माझी आहे. या बाई सकाळपासून उपाशीपोटी दाराशी बसून होत्या, आपल्यामुळे सुनेची ही नोकरीही जाते की काय म्हणून. मी खाली बसले, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मीही मनसोक्त रडून घेतलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

"ताट कर," म्हणाल्या. "भूक लागलीय."